लँडस्केप मॅनेजमेंट मायनर घ्यावा का? आधी मे महिन्यात कॉलेजचा प्लॉट बघून ये

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बी.एस्सी. बॉटनी मेजर आहे, कॉलेजने मायनरच्या, म्हणजे मेजरसोबत घ्यायच्या दुय्यम विषयाच्या, यादीत केमिस्ट्री, झूऑलॉजी आणि यंदा नव्याने लँडस्केप मॅनेजमेंट ठेवलंय, तुला तिसरं घ्यावंसं वाटतंय आणि घरी बाबा म्हणतायत की माळीकाम शिकायला कॉलेज कशाला लागतं. शिवाय तू विचारलंयस की यातून पुढे लँडस्केप आर्किटेक्ट होता येईल का आणि नोकरीचं काय. मी पुण्यात २३ वर्षं हेच काम करते, सोसायट्या, दोन-तीन कंपन्यांचे कॅम्पस, एक हॉस्पिटल, आणि मधे काही वर्षं रस्त्याकडेच्या झाडांचं काम. माझीही सुरुवात बॉटनीच, पण तेव्हा मायनर वगैरे प्रकार नव्हता, जे शिकले ते साइटवर आणि बरंचसं दुसऱ्याच्या पैशाने चुका करून शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. हा मायनर करून तू लँडस्केप आर्किटेक्ट होणार नाहीस. आपल्याकडे १९७२ चा आर्किटेक्ट्स अॅक्ट आहे, आर्किटेक्ट हा शब्द नावापुढे लावायला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि लँडस्केप आर्किटेक्चर हे आपल्याकडे मुख्यतः एम.आर्क. म्हणून शिकवतात, त्याला बहुतेक ठिकाणी आधी बी.आर्क. लागतं. तसंच कृषी विद्यापीठात फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंगमधे मास्टर्स आहे, पण तिथे साधारणपणे कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी मागतात. म्हणजे या मायनरच्या जोरावर ती दोन दारं उघडत नाहीत, हे कोणीतरी तुला आत्ताच सांगायला हवं, तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही. ज्यांचा जीव डिझाइनमधे आहे त्यांनी बारावीनंतरच आर्किटेक्चरला जावं, हा रस्ता त्यांचा नाही.

मग हा रस्ता कोणाचा? आर्किटेक्ट ड्रॉइंग देतो, कॉन्ट्रॅक्टर झाडं लावतो, पझेशनच्या दिवशी फोटो निघतात. त्यानंतर जे १५-२० वर्षं चालतं ते मॅनेजमेंट. पाणी किती द्यायचं, कुठलं झाड कधी छाटायचं, कुठलं चक्क काढून टाकायचं, माती बसली तर काय, मोटर बंद पडली तर काय, सोसायटीच्या मीटिंगमधे खर्च कसा मांडायचा. डिझाइन शिकवणारे भरपूर आहेत. लावलेली बाग दहा वर्षांनी चांगली कशी दिसेल हे सांगणारी माणसं फार थोडी आहेत आणि साइटवर गरज त्यांची आहे.

एक उदाहरण देते. माझं पहिलं मोठं काम, एका बिल्डरची साइट, तळमजल्याच्या पार्किंगवर स्लॅब आणि त्यावर बाग, ज्याला आम्ही पोडियम गार्डन म्हणतो. ड्रॉइंगमधे साधारण दहा हजार स्क्वेअर फूट लॉन होतं. मला त्या वेळी हिशोब एवढाच येत होता की सहा इंच माती म्हणजे पाच हजार घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ५० ब्रास. तेवढी मागवली. आता माती टाकल्यावर पाणी मारलं की बसते हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण किती बसते हे हाताला माहीत नव्हतं. पहिल्या पावसानंतर लॉनमधे खड्डे पडले, जागोजागी पाणी साचायला लागलं आणि परत माती मागवावी लागली. ते निस्तरलं. पण खरा त्रास वेगळाच होता, ती माती ज्या शेतातून उचलली होती तिथे लव्हाळा होता.

लव्हाळा तू बॉटनीत सायपरस रोटंडस म्हणून शिकली असशील. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते, वरचं पान उपटलं की माळ तुटते आणि ज्या गाठी झोपलेल्या होत्या त्याही फुटतात. आम्ही महिनाभर चार बायका बसवून उपटत होतो आणि तो वाढतच होता, कारण उपटून आम्हीच तो वाढवत होतो. शेवटी सगळी लॉन काढून वरचा थर बदलावा लागला. सांगायचं काय तर सायपरस रोटंडसचं वर्णन मला तोंडपाठ होतं, परीक्षेत मार्कही मिळाले होते, पण माती विकत घ्यायच्या आधी शेतावर जाऊन, एक फूट खणून, गाठी आहेत का बघायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चांगला मायनर असेल तर तो तुला नेमकं हे शिकवेल, बॉटनी आणि ब्रास यांच्यामधला दुवा.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येते, कारण ते मला लागलं. माळीकाम हे कमी दर्जाचं काम आहे असं त्यात गृहीत आहे आणि ते खरं नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते उरुळी कांचनकडच्या एका म्हाताऱ्या माळीमामांनी. सोलापूर रोडला तिकडे नर्सऱ्यांची रांगच आहे, त्यांचं अख्खं आयुष्य त्यात गेलेलं. एकदा मे महिन्यात नवीन लावलेले बकुळ वाळायला लागले, मी म्हटलं मामा रोज पाणी चालू आहे, रोगच असणार, फवारणी करू. त्यांनी काही न बोलता बाजूला खुरप्याने वीतभर उकरलं आणि म्हणाले, "ताई, पाणी वरच दिसतंय, खाली धूळ हाय." नर्सरीतल्या बॅगेत मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा होता, आमच्या खड्ड्यातली माती भुसभुशीत, पाणी गोळ्याच्या बाजूने वाहून जात होतं आणि आत मुळं कोरडी. आता हे त्यांना बघून कळलं, मला नंतर वाचून कळलं की दोन वेगवेगळ्या पोताच्या मातीत पाणी सहजासहजी एकीतून दुसरीत जात नाही. मामांना ते का होतं हे सांगता येत नव्हतं आणि मला ते होतंय हे दिसत नव्हतं. बाबांना सांग की कॉलेज त्यातल्या "का" साठी लागतं. आणि दुसरी अर्धी गोष्ट मामांसारख्या माणसाकडूनच घ्यावी लागते, त्यामुळे माळ्याला ऑर्डर सोडणारी ऑफिसर व्हायचं म्हणून हे शिकणार असशील तर नको घेऊस.

सिलॅबसमधे काय असावं ते आता सांगते, म्हणजे कॉलेजचा कागद समोर ठेवून तुला ताडून बघता येईल.

पाण्याचा हिशोब हवा. एक मिलिमीटर पाणी एका स्क्वेअर मीटरवर म्हणजे एक लिटर, एवढं एक सूत्र डोक्यात बसलं की अर्धं काम सोपं होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे लॉनला दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी धर. दहा हजार स्क्वेअर फूट म्हणजे साधारण ९३० स्क्वेअर मीटर, म्हणजे रोजचं साडेपाच हजार लिटर, दोन दिवसाला दहा हजारवाला एक टँकर संपला. हा आकडा मी सोसायटीच्या मीटिंगमधे फळ्यावर लिहिते तेव्हा खोलीत शांतता होते. लोकांना लॉन हवी असते कारण त्यांनी हा हिशोब कधी केलेला नसतो. मग मी म्हणते की मुलांना खेळायला हवी तेवढी, समजा दोन हजार फूट लॉन ठेवू आणि बाकी ठिकाणी झुडपं, जमिनीलगत पसरणारी झाडं आणि सावली. दरवेळी ऐकतात असं नाही, पण आकडा दिला तर ऐकायची शक्यता खूप वाढते.

त्यात आता मोठ्या सोसायट्यांत एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या आवारातच शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी बागेला वापरतात, आणि वापरायलाच हवं. पण त्या पाण्यात क्षार असतात, एसटीपी नीट चालवत नसतील तर वास आणि गाळही येतो, ड्रिपचे ड्रिपर तुंबतात. दोन-तीन वर्षं तेच पाणी दिलं की पानांच्या कडा करपायला लागतात, मातीवर पांढरा थर दिसतो, आणि माळी म्हणतो खत कमी पडतंय, खत टाकलं की क्षार अजून वाढतात. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं मीटर फार महाग नसतं, ते स्वतःजवळ ठेव, मी ते चष्म्यासारखं पर्समधे ठेवते.

मातीचं वजन हवं सिलॅबसमधे, हे कोणी शिकवत नाही. ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते. म्हणजे पोडियमवर एक फूट माती टाकली की दर स्क्वेअर मीटरला साधारण ५०० किलो. एखादा रहिवासी सहज म्हणतो इथे अजून फूटभर भर टाकून आंब्याचं झाड लावा ना, आणि माळी टाकतो पण, खालचा स्लॅब किती वजनाला डिझाइन केलाय हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पोडियमवर एक घमेलंही जास्त टाकायचं नाही हा माझा नियम आहे. तसंच वॉटरप्रूफिंगवर फायकस लावायचा नाही, कितीही छान दिसला तरी, त्याची मुळं फट शोधतात आणि मग खाली पार्किंगमधे गाड्यांवर पाणी ठिबकतं. एकदा ते सुरू झालं की सगळी बाग उकरावी लागते.

झाडांचं शास्त्र हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. आपल्याकडे मे महिना आला की सोसायट्यांत पावसाच्या आधीची छाटणी सुरू होते आणि छाटणी म्हणजे काय तर शेंडा उडवायचा, सगळ्या फांद्या एका उंचीवर सपासप कापायच्या, झाड खांबासारखं उभं. लोकांना वाटतं आता पडणार नाही. उलट होतं. त्या कापलेल्या टोकाशी झुपक्याने नवीन फांद्या फुटतात, त्या खोडाच्या आतून आलेल्या नसतात, नुसत्या सालीजवळ चिकटलेल्या असतात, आणि तीन-चार वर्षांनी जाड झाल्या की वाऱ्यात त्याच पहिल्या तुटतात. मधल्या काळात कापलेल्या टोकातून आत कूज सुरू झालेली असते ती वेगळीच.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बारकाईने बघ, एक फुगीर कडं असतं. कापायचं ते त्या कड्याच्या बाहेर, कड्याला धक्का न लावता, म्हणजे झाड स्वतःच जखम गुंडाळून घेतं. जड फांदी असेल तर तीन काप, पहिला खालून थोडा, दुसरा वरून जरा पुढे, म्हणजे वजन खाली येतं आणि साल सोलत जात नाही, मग तिसरा कड्यापाशी. एवढं जरी तुमच्या मायनरमधे प्रत्यक्ष करवतीने करून घेतलं तरी मी म्हणेन फी वसूल झाली. मी आत्तापर्यंत कितीतरी मोठी झाडं पडलेली बघितली आणि बहुतेक वेळा पडायचं कारण वर नसतं, खाली असतं. केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडलेली, किंवा बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं. दिल्लीत २०१३ मधे राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, आपल्याकडे मात्र अजूनही पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकवून बसवतात आणि वर त्याला सुशोभीकरण म्हणतात, मला दरवेळी ते बघून पोटात कालवतं.

कायदा पण हवा. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तोडायचं असो नाहीतर मोठी छाटणी, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ मधे त्यात दुरुस्ती झाली, ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं ठरलं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवीन झाडं लावून सात वर्षं सांभाळायची अट आली. आता विचार कर, ही सात वर्षं कोण सांभाळणार आणि झाडाचं वय कोण ठरवणार? हे मॅनेजमेंटचंच काम आहे. बॉटनीवाली मुलगी इथे कोणाही कॉन्ट्रॅक्टरपेक्षा पुढे असते, कारण तिला झाड ओळखता येतं, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला कसा मोजायचा ते येतं, आणि रिपोर्ट लिहिता येतो. औषधांचंही तसंच, जुने माळी अजून कुंडीत फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायचा सल्ला देतात, ते २०२० च्या अखेरीपासून बंद आहे. ग्लायफोसेट या तणनाशकावर २०२२ मधे निर्बंध आले, ते फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असा आदेश निघाला. जिथे लहान मुलं अनवाणी खेळतात तिथे तू काय फवारलंस याची जबाबदारी तुझी असते, हे पहिल्याच वर्षी मनात पक्कं व्हायला हवं.

झाडांची निवड हा विषय सगळ्या सिलॅबसमधे असतो, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. एवढंच की फक्त देशी-विदेशी असा वाद पाठ करू नकोस, कारणं शिक. कोनोकार्पस झटपट हिरवी भिंत करतो म्हणून सगळीकडे लावला, गुजरातने २०२३ मधे त्याच्या लागवडीवर बंदी आणली. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं, ते लगेच वाढलं, पण त्याच्या खाली दुसरं फार काही येत नाही आणि मुळात तिथलं गवत ही काही रिकामी पडीक जागा नव्हती. उलट मी ताम्हण, बहावा, करंज, बकुळ भरपूर लावते, पण अरुंद फुटपाथवर वड-पिंपळ लावा म्हणणाऱ्याला मी देशी असलं तरी नाहीच म्हणते. आणि नर्सरीतली नावं नीट शिक. अशोक मागितलास तर आसुपालव देतील, सीता अशोक वेगळा. लॉनला मेक्सिकन, सिलेक्शन नंबर वन अशी बाजारातली नावं चालतात, त्यातलं सिलेक्शन म्हणजे आपल्या हरळीचंच निवडलेलं वाण. शास्त्रीय नाव, मराठी नाव आणि नर्सरीतलं नाव असे तीन कॉलम करून वही ठेव, माझी अजून चालू आहे.

ऑटोकॅड, स्केचअप वगैरे शिकवत असतील तर शिक, ड्रॉइंग वाचता आलंच पाहिजे, पण त्यात जास्त वेळ घालवू नकोस. एक्सेल मात्र मनापासून शिक. वर्षाच्या मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टचा हिशोब, म्हणजे आम्ही ज्याला एएमसी म्हणतो, किती माळी, किती खत, किती छाटण्या, मशीनची दुरुस्ती, बदली झाडं, हा कागद ज्याला नीट बनवता येतो त्याला काम कमी पडत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच सिलॅबसमधे नसते. लॉनमधे खुरपणी करणाऱ्या बायका असतात, दिवसभर उन्हात उकिडव्या बसतात, बऱ्याच साइटवर त्यांना पुरुष माळ्यापेक्षा कमी पैसे मिळतात आणि जायला धड संडासही नसतो. तू सुपरवायझर होशील तेव्हा हे तुझ्या हातात असेल. मी कॉन्ट्रॅक्ट लिहितानाच त्यात प्यायचं पाणी, टॉयलेट आणि दुपारी एक ते तीन सुट्टी असं लिहून टाकते, उन्हाळ्यात सकाळी सहाला काम सुरू करायचं. आजवर एकाही सोसायटीने याला नाही म्हटलेलं नाही, फक्त आधी कोणी मागितलं नव्हतं.

नोकरीबद्दल खरं सांगते. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी असतो आणि पहिली दोन-तीन वर्षं पाय मातीतच असतात. कामं आहेत ती अशी: बिल्डरकडे किंवा लँडस्केप कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर, फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपन्यांत हॉर्टिकल्चरचं काम, रिसॉर्ट, गोल्फ कोर्स, मोठ्या नर्सऱ्या. एमआयडीसीतले मोठे कारखाने विसरू नकोस, पर्यावरण मंजुरीत त्यांना हरित पट्ट्याची अट असते आणि तो कागदावर नाही, जागेवर दाखवावा लागतो. झाडांची गणना आणि सर्वे हे बॉटनीवाल्यांचं हक्काचं काम. महापालिकेच्या उद्यान विभागाच्या जागांना अनेकदा कृषी किंवा उद्यानविद्या पदवी मागतात, काही जाहिरातींत वनस्पतिशास्त्रही चालतं, तेव्हा जाहिरात ओळ न् ओळ वाचायची. नुसत्या मायनरवर सरकारी नोकरी मिळेल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. ज्यांना पदवीनंतर अजून पाया पक्का करायचा असेल त्यांच्यासाठी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे उद्यानविद्येचे अभ्यासक्रम आहेत, पुढे झाडांच्याच कामात जायचं असेल तर आर्बोरिस्टचं, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाचं, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेशन आहे, पण त्याला आधी अनुभवाची वर्षं दाखवावी लागतात.

केमिस्ट्री मायनर वाईट नाही हेही सांगते. तुला एम.एस्सी. करून लॅबमधे, सीड कंपनीत, फार्मात जायचं असेल तर डोळे मिटून केमिस्ट्री घे. ज्यांना ऊन सोसत नाही, ज्यांना एका जागी बसून काम आवडतं, त्यांनीही. पण तू प्रश्नात लिहिलंयस की शाळेच्या मैदानाकडेचं कडुनिंब तोडलं तेव्हा तुला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. हे वाचून मला वाटतंय की तू या कामात टिकशील.

आता कॉलेज कसं पारखायचं. क्रेडिटचा नियम साधा आहे, एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. सिलॅबस घे आणि एकूण क्रेडिटमधली प्रॅक्टिकलची किती ते मोज. निम्म्याहून कमी असतील तर मला शंका येईल. मग विभागात जाऊन तीन गोष्टी विचार. पहिली, प्लॉट कुठे आहे आणि केवढा आहे, दाखवा. दुसरी, एप्रिल-मे मधे सुट्टी असते तेव्हा त्याला पाणी कोण घालतं. तिसरी, बाहेरचं कोण शिकवायला येतं, नर्सरीवाला, माळी, कॉन्ट्रॅक्टर, महापालिकेच्या उद्यान विभागातलं कोणी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. जुलैमधे कुठलाही प्लॉट हिरवा दिसतो, आपल्याकडे पाऊस चार महिने सगळ्यांचं झाकून नेतो. लावलेली झाडं मरतात ती पहिल्या नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात, आणि त्याच वेळी कॉलेजला कुलूप असतं. जिथे शिक्षक म्हणतील की आम्ही पोरांच्या पाळ्या लावतो, वॉचमनकाकांकडे टाकीची किल्ली असते, मागच्या वर्षी इतकी जगली आणि इतकी गेली, तिथे बिनधास्त घे. जगलेल्या झाडांबरोबर गेलेल्या झाडांचा आकडा सांगणारा शिक्षक मिळाला तर सोडू नकोस त्याला.

प्लॉटच नसेल, सगळं पीपीटीवर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, केमिस्ट्री घे आणि हे बाहेरून शिक. शनिवार-रविवार एखाद्या नर्सरीत जा, कलमं बांधायला, बॅगा भरायला लाग, पैसे नाही मिळाले तरी चालेल. घेतलास मायनर तरी हे करच. पुण्यात आलीस तर एम्प्रेस गार्डन बघ, जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन असतं पण तेव्हा नको, गर्दी नसताना जा आणि जुनी झाडं बघ, मोठ्या झाडाला किती जागा लागते ते तिथे कळतं. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे जपानच्या ओकायामातल्या कोराकुएन बागेवर आधारलेली बाग आहे, तिथे फुलं शोधू नकोस, सकाळी लवकर जाऊन माळी काय करतायत ते बघत बस. अशी बाग जपायची म्हणजे रोजचं काम, आठवडाभर हात फिरला नाही तर लगेच दिसतं.

आणि ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलं की मोठ्या नावाच्या ऑफिसमागे धावू नकोस, तिथे तुला प्रेझेंटेशन बनवायला बसवतील. पाच-सात वर्षं जुनी बाग सांभाळणाऱ्या एखाद्या माणसाकडे जा. पझेशनच्या वेळी बाग भरलेली दिसावी म्हणून झाडं दाटीवाटीने लावलेली असतात, पाचव्या वर्षी ती एकमेकांना दाबायला लागतात आणि त्यातली कुठली काढायची हे ठरवावं लागतं, मग रहिवाशांना समजवावं लागतं की हे झाड काढल्याने शेजारची दोन जगणार आहेत. माझ्या २३ वर्षांत सगळ्यात अवघड काम हेच वाटलेलं आहे. अजूनही काढायच्या झाडावर खूण करताना मी एक दिवस थांबते, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघते आणि मगच माळ्याला सांगते.

फॉर्मची मुदत तू लिहिली नाहीस. आठ दिवस असतील हातात तर तेवढे पुरेत. खुरपं घेऊन जा, प्लॉटमधे एका कोपऱ्यात वीतभर खण, माती मुठीत दाबून बघ, गोळा होतोय का, फुटतोय कसा, खाली मुरूम लागतोय का बांधकामाचा राडारोडा. फोटो काढून इथेच टाक, वरच्या थराचा एक आणि खड्ड्याच्या आतला एक, आणि शक्य झालं तर प्लॉटवरच्या नळाचं पाणी कुठून येतं तेही विचारून लिही.